एका पुडीतल्या दोन गोळ्या

सुगंधाबाई तायडे, मुक्काम वलगाव. हे नाव आधीच लिहून टाकतो. मागाहून लिहू म्हटलं तर हात कचरेल, आणि मी माझ्याच हुशारीच्या गोष्टी सांगत बसेन. कंपाउंडरांना ती खोड असते. या बाईनं माझी नोकरी वाचवली. आज अमरावतीला राजापेठेतल्या दवाखान्याच्या खिडकीमागे मी उभा असतो आणि लोक मला 'कंपोंडर सायेब' म्हणतात, ते ती बाई एकदा माझ्यासाठी खोटं बोलली म्हणून.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. ते हा अंक दर दिवाळीला घेतात आणि रोग्यांच्या बाकावर ठेवतात. त्यांना कळेलच.

मी रत्नागिरीकडचा. सहावीत शाळा सुटली. वडिलांची दृष्टी गेली आणि घरात थोरला मीच होतो. गावातले एकजण अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांच्या ओळखीनं तिथल्या एका औषधाच्या दुकानात बाटल्या धुवायला लागलो. माझं बोलणं ऐकून दुकानातले हसत. मला त्यांचं बोलणं भांडणासारखं वाटे. 'काहून रे, जेवला नाई काय?' असं कोणी विचारलं तरी मी दचकायचो. माझ्यावर कोणी रागावलेलं नाही, हे समजायला वर्ष गेलं.

त्या दुकानात डॉक्टर औषधं न्यायला येत. बाटल्या स्वच्छ धुतो आणि तोंड बंद ठेवतो, एवढ्या दोन गुणांवर त्यांनी मला अमरावतीला आणलं. ते मनाच्या रोगांचे डॉक्टर. तेव्हा असं कोणी म्हणत नसे. 'पागलाचा डॉक्टर' म्हणत. रोगी मागच्या दारानं येत, आणि पुढच्या बाकावर त्यांचे नातेवाईक तोंडाला पंचा गुंडाळून बसत. दर गुरुवारी आम्ही औषधांची पेटी घेऊन अकोल्याला जात असू.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळात ही औषधं नवीनच निघाली होती. त्याआधी वेड लागलेल्या माणसाला बांधून ठेवत, नाहीतर झोपेचं औषध पाजून पाडून ठेवत. नव्या गोळ्यांनी माणूस जागा राहून शांत होऊ लागला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे : साखळीनं आणलेला माणूस दोन महिन्यांनी स्वतः बसचं तिकीट काढून आला. पण एका गोळीनं सगळं भागत नाही. एक गोळी भास थांबवते आणि शरीर ताठरवते. मग ताठरपणासाठी दुसरी. झोप नाही म्हणून तिसरी. डॉक्टर म्हणत, "दोन औषधं एकत्र आली की बेरीजच होईल असं नाही. कधी गुणाकार होतो. कधी एक दुसऱ्याला खातं. दर वेळी तोलावं लागतं." माझ्यापुढे टेबलावर पितळी तराजू असे. त्यात मी चूर्ण तोलत असे. डॉक्टर म्हणत ते तोलणं त्यात होत नव्हतं, एवढंच मला कळे.

धामणगाव रेल्वे या गावचा एक अडत्या आपल्या म्हाताऱ्या आईला आणत असे. ती संशयी झाली होती, सुनेच्या हातचं पाणी पीत नसे. आमच्या गोळ्यांनी उतार पडला. तीन आठवड्यांनी मुलगा एकटा आला. आई खाटेवरून उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पडली, खुबा मोडला. चौकशी करता करता निघालं, की एका वैद्याचं सर्पगंधेचं चूर्णही सकाळ-संध्याकाळ चालू होतं. दोन्ही औषधं रक्ताचा दाब उतरवणारी. डॉक्टर संतापले. "हे मला का नाही सांगितलं?"

अडत्या शांतपणे म्हणाला, "तुमी कुठी इचारलं? अन् थे तं झाडाचं मूय हाय. थ्याले काय औषध म्हनाव?"

त्या दिवसापासून डॉक्टरांनी मला हुकूम दिला : खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला विचारायचं, आणखी काय घेता, आणि शरीरात काय बदललं. मी भ्यालेला माणूस. जे सांगतील ते सगळं चिठ्ठीवर लिहून आत नेऊ लागलो. कोणाचा दात दुखतो, कोणाला मामेसासरा स्वप्नात येतो. आठ दिवसांत डॉक्टर वैतागले. समोर रोगी असताना म्हणाले, "अरे, प्रत्येक ढेकर माझ्यापर्यंत आणू नकोस. थोडं डोकं चालव."

पुढे मी डोकं चालवलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्या दवाखान्याची एक रीत होती. गोळ्या अख्ख्या द्यायच्या नाहीत. सगळ्या एकत्र खलात घोटायच्या, चूर्णाचे भाग करायचे आणि दवाखान्याचा शिक्का मारलेल्या कागदात पुड्या बांधायच्या. ही रीत बिनकारणाची नव्हती. कित्येक रोगी गोळी जिभेखाली दाबून ठेवत आणि मागे जाऊन थुंकत. घरचे लोक चूर्ण वरणात कालवून घालत. शिवाय पाच गोळ्या पाहिल्या की नातेवाईक म्हणत, 'एवढा पागल हाय काय हा?' पुडी एकच दिसली की धीर येई. औषधाचं नाव बाहेर जात नसे, हेही होतंच. मी पुड्या सुरेख बांधायचो. अकोल्याची माणसं म्हणत, कोकण्याच्या पुडीतून वारा जात नाही. मला त्याचा अभिमान होता.

तायडे गुरुजी आमच्याकडे आले ते त्यांच्या समाजाच्या धर्मांतराला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा. त्यांच्या वस्तीतले ते पहिले मास्तर. तीस-बत्तीस वर्षांचे, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. आजार असा, की फळ्यावर लिहिता लिहिता ते थांबत आणि मागे वळून हात जोडत. "हो साहेब. हजेरी पूर्ण आहे साहेब." मागे कोणी नसे. त्यांना इन्स्पेक्टरचा आवाज ऐकू येई, आणि तो आवाज त्यांना शिव्या देई. कोणत्या, ते गुरुजींनी डॉक्टरांनाही सांगितलं नाही. त्यांची बायको सुगंधाबाई नुसती म्हणाली, "लहानपनी जे आयकलं थेच आयकू येते त्याहीले."

डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन सुरू केलं. महिन्याभरात इन्स्पेक्टर गेला. पण गुरुजींचं लाकूड झालं. चेहरा हलेना, तोंडातून लाळ गळे, खडू धरलेला हात खांद्याच्या वर जाईना. पोरं हसू लागली. मुख्याध्यापकांनी सांगितलं, मास्तर, असं चालणार नाही. म्हणून डॉक्टरांनी ताठरपणावरची लहान पांढरी गोळी जोडली. मला म्हणाले, "तोंड कोरडं पडेल. पण याचा हात फळ्यापर्यंत पोचला पाहिजे. नोकरी गेली तर हा नुसत्या दुःखानंच पुन्हा वेडा होईल."

पंधरा दिवसांनी गुरुजी खिडकीशी आले. माझ्या पुढ्यातला पुडीचा कागद ओढून त्यावर पेननं लिहिलं : 'औषधाबद्दल आभार.' अक्षर छापल्यासारखं. सुगंधाबाई मागे उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण ती त्या कागदाकडे असं बघत होती, की मी मान खाली घातली. त्या थंडीत तिनं मला हुरडा आणून दिला. "गाव कोनतं भाऊ तुमचं?" म्हणून विचारलं. मी आईबद्दल पुष्कळ बोललो. अमरावतीत मला तोवर कोणी गाव विचारलं नव्हतं.

एकदा ती म्हणाली, "भाऊ, गोया कुटता काहून? मास्तर तं सोताच्या हातानं घेते. अख्ख्या द्या ना. कोनती काय करते थे मले तरी दिसन."

म्हणणं बरोबर होतं. गुरुजींसाठी कुटायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या कुटायच्या म्हणून त्यांच्याही कुटत होतो. मी म्हटलं, "डॉक्टरांची पद्धत आहे ताई." खरं तर मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं.

मग उन्हाळा आला. वऱ्हाडचा उन्हाळा लिहून कळत नाही. शाळा सकाळच्या झाल्या. चैत्रात सुगंधाबाई एकटी पुड्या न्यायला आली. बाकावर गर्दी होती, डॉक्टर आत कोणाला तरी शॉक देत होते. ती खिडकीत वाकून हळूच म्हणाली, "भाऊ, एक सांगू काय? मास्तरच्या आंगाले घामच नाई येऊन राह्यला."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? कपडे मीच धुतो ना. माहं लुगडं घामानं पियून काढा इतकं वलं व्हते, अन् त्याहीचा सदरा कोरडा ठन्न. आंग तापते तव्यावानी, पन घामाचा ठिपूस नाई."

मी चिठ्ठी लिहायला पेन्सिल उचलली. आणि ती ढेकर आठवली. डोकं चालव. मी पेन्सिल खाली ठेवली आणि डॉक्टरांसारखा आवाज काढून म्हणालो, "घाम येतो तो धडधडीनं, ताई. धडधड कमी झाली. औषधाचा गुण आहे हा."

"गुन व्हय?" तिचा चेहरा मोकळा झाला. "मंग बरं. आमाले काय समजते बाप्पा? तुमी शिकेल मानसं."

सहावीत शाळा सुटलेल्या माणसाला कोणी शिकलेला म्हणतं तेव्हा काय होतं, ते सांगता येणार नाही. मी तिला पंधरा दिवसांच्या पुड्या बांधून दिल्या. घट्ट.

काय घडत होतं ते मला नंतर कळलं, आता झोपेतही सांगेन. भास थांबवणारी मोठी गोळी शरीराची उष्णता आवरण्याची शक्ती बिघडवते. लहान पांढरी गोळी तोंड कोरडं करते तसा घामही आटवते. थंडीत दोघींचं जमतं. उन्हाळ्यात दोघी मिळून माणसाची दारं-खिडक्या बंद करतात आणि आत चूल पेटलेली असते. घाम येत नाही ही सगळ्यांत आधीची सूचना, आणि ती सूचना बाई पायपीट करून माझ्या खिडकीपर्यंत घेऊन आली होती. त्या दिवशी पांढरी गोळी थांबली असती तर पुरे होतं. पण थांबवणार कशी? दोन्ही एकाच पुडीत कुटलेल्या होत्या. घरी बाईच्या मनात आलं असतं, तरी तिला एक वेगळी काढता आली नसती.

निकालाचे कागद घेऊन गुरुजी भर दुपारी सायकलवर अमरावतीला निघाले. शहराच्या तोंडाशी पडले. लोकांना वाटलं, दारू प्यालेत. बरळत होते, 'आणतो साहेब, निकाल आणतो.' कोणीतरी खिशात हात घातला तर आमच्या शिक्क्याची पुडी निघाली. म्हणून टांग्यात घालून आमच्याकडे आणलं.

मी त्यांचा हात धरला आणि सोडला. इतका तापलेला जिवंत हात मी कधी धरला नव्हता. कातडी कागदासारखी कोरडी. डॉक्टर धावत आले. ओल्या चादरी, पंखे, टांगेवाल्याला पाठवून बर्फाची लादी. डॉक्टरांनी स्वतः बर्फ फोडून काखेत आणि मानेशी लावला. त्यांच्या बोटांतून रक्त आलं तरी थांबले नाहीत. त्या माणसानं त्या दिवशी काही कमी केलं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

सुगंधाबाई मोटारीनं पोचली. बरोबर सासू आणि दीर. गुरुजींना सरकारी दवाखान्यात हलवायची तयारी चालली होती. डॉक्टर ओल्या सदऱ्यानं बाहेर आले आणि मलाच प्रथम विचारलं, "घामाचं काही बोलले होते का हे लोक?"

मी कपाटाला धरून उभा होतो. तेव्हा ते तिच्याकडे वळले. "बाई, याला घाम येत नव्हता हे तुमच्या लक्षात आलं नाही? आमच्या माणसाला सांगितलं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. लुगड्याचा पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "नाई सायेब. माह्या ध्यानातच नाई आलं. मी नाई सांगतलं कोनाले."

"घरात राहून एवढं दिसत नाही तुम्हाला? तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं हे!"

सासू तिथेच बाकावर बसली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. "पाह्य ना माय! नवरा जयत व्हता अन् हिले दिसे नाई!"

मला खरं बोलायला एक श्वास पुरला असता.

गुरुजी वाचले. पण त्या तापानं मेंदूत काहीतरी जाळलं. चालणं झिंगल्यासारखं झालं, जीभ जड झाली, हात थरथर कापू लागला. ज्या हातासाठी पांढरी गोळी दिली होती, तो हात फळ्यापर्यंत जाई, पण तिथं जाऊन रेघ मारता येईना. नोकरी गेली. सुगंधाबाई दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जाऊ लागली. 'हिनं नवऱ्याले उन्हात जायलं', नवऱ्याला उन्हात जाळलं, हे वलगावात तिच्या नावाला चिकटलं.

भीतीनं डॉक्टरांनी सगळी औषधं बंद केली होती. पावसाळ्यात इन्स्पेक्टर परत आला. गुरुजी कापत्या हातानं त्याला नमस्कार करू लागले. सुगंधाबाई त्यांना घेऊन आली तेव्हा डॉक्टर बराच वेळ कार्ड उलटंपालटं करत राहिले. द्यावं तरी भीती, न द्यावं तरी हे असं. शेवटी तीच म्हणाली, "सायेब, द्या. पन कुटून नोका देऊ. अख्खी द्या, अन् दोन डब्यांत दोन. कोनतीनं काय व्हते थे मी पाह्यतो."

तिनं काजळाच्या रिकाम्या डब्या आणल्या होत्या. एकीत मोठ्या गोळ्या, एकीत पांढऱ्या. होळी आली की पांढरी डबी ती फडताळात वर ठेवून देते आणि मृग लागल्यावर खाली काढते. मधले महिने गुरुजी ताठरतात, लाळ गळते, ती पुसते. मोठी गोळी चालूच असते, म्हणून दुपारी त्यांना ओल्या गोणपाटाच्या आड बसवते. दर दोन दिवसांनी सदरा हातात घेऊन बघते. मी एकदा म्हटलं, "ताई, फार हाल होतात हो त्यांचे."

"उन्हायात लाकूड झाला तं चालते भाऊ. पावसायात पुन्ना मानूस करतो त्याले."

डॉक्टरांनी तिचं हे सगळं कार्डावर इंग्रजीत उतरवून घेतलं. पुढे अकोल्यात एका तरुण डॉक्टरला 'माझी पद्धत' म्हणून समजावताना मी त्यांना ऐकलं. पेटी उचलून मी बाहेर गेलो. मी कुठल्या तोंडानं काही म्हणणार होतो?

गोळ्या कुटणं मी बंद केलं. जो थुंकतो त्याच्यासाठी अजून कुटतो, पण एकेक औषध वेगळ्या पुडीत आणि पुडीवर नाव. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. एक दिवस खलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले. त्यांना सगळं कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला धीर लागतो.

तिला मात्र विचारलं. पुढच्या साली, खिडकीशी कोणी नसताना. "ताई, त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात?"

ती गोळ्यांच्या डब्या पदरात बांधत होती. "तुमी कपाट धरून उभे व्हते. माहा मानूस तं पडेलच व्हता. अजून एक पाडून मले काय भेटनार व्हतं? तिकडं दूर माय हाय ना तुमची?"

"पण सासूबाई तुम्हाला..."

"थे तं बोलतेच," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पन तुमी सांगतलं असतं भाऊ, तं बरं वाटलं असतं."

जाताना गुरुजींचा हात धरून ती पायऱ्या उतरली. तिच्या या वाक्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर तेच सांगायला दोनदा वलगावच्या मोटारीत बसलो. एकदा नाक्यावरच उतरलो. एकदा गावापर्यंत गेलो, त्यांच्या वस्तीच्या वाटेला लागलो, तेवढ्यात गुरुजींचा भाऊ समोरून येताना दिसला आणि मी पाण्याचं निमित्त करून परत फिरलो. इतकी वर्षं लोकांची भीती घालवायच्या गोळ्या बांधतोय, माझ्या भीतीवर मात्र काही बांधता आलं नाही.

हे लिहिलं म्हणजे फेडलं, असं मी समजत नाही. डॉक्टर वाचतील, वाचोत, काढायचं तर काढोत. पण सुगंधाबाईला वाचता येत नाही, आणि तिच्या सासूलाही नाही. त्या घरात हा अंक जाणार नाही. तिथं मलाच जावं लागेल. पांढरी डबी वर ठेवायच्या आत, म्हणजे होळीच्या आत, मी वलगावला जाईन. त्यांच्या दारात उभा राहून सांगेन की तुमच्या सुनेनं वेळेवर सांगितलं होतं, मला सांगितलं होतं, आणि मी ते आत नेलं नाही. म्हातारीला आता ऐकू कमी येतं म्हणतात. मोठ्यानं सांगावं लागेल, शेजारपाजारी ऐकतील इतक्या मोठ्यानं. तसंच सांगेन.